लोण्यातल्या तेरा अमावास्या

सुगी बाजारच्या शिरोलीच्या शीतकोठारात मी लोण्याच्या ठोकळ्यात सुई खुपसली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. अहवाल संध्याकाळी सहाच्या आत मंडळाकडे जायला हवा होता. उणे वीस अंशांत उभं राहिलं की माणसाला घाई सुटते. मला तर ती बाहेरही सुटलेली असते.

मी संज्योत मगदूम, पर्यावरण मंडळाची परवानाधारक मूल्यमापक. दोन हजार सदतीस सालच्या कायद्यापासून राज्यातल्या प्रत्येक मोठ्या दुकानसाखळीला दर वर्षी आमच्या हाताखालून जावं लागतं. आम्ही दिलेली श्रेणी प्रत्येक दुकानाच्या दारावरच्या पाटीवर झळकते. ए म्हणजे हिरवी पाटी, ई म्हणजे तांबडी. सुगीची चारशे बारा दुकानं होती आणि गेली तीन वर्षं सगळ्यांच्या दारावर हिरवी पाटी होती. गेले पंधरा दिवस मी त्यांचं प्लास्टिक, वीज, ट्रकांच्या फेऱ्या, फेकून दिलेली भाजी असं सगळं तपासत होते. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. इतकं चकचकीत काही दिसलं की मला उगीच संशय येतो. हा माझा स्वभावदोष आहे, पण त्याच्यावरच माझं पोट चालतं.

शेवटची तपासणी गॅसची. शीतकपाटं आणि शीतकोठारं ज्या गॅसवर चालतात तो नळ्यांमध्ये आहे तोवर गरीब गाय असतो. बाहेर पडला की त्याचा एक किलो हवेला जवळजवळ चार हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. त्याला रंग नाही आणि वासही जवळपास नाही. त्यामुळे कंपनी सांगेल तेवढाच तो गळाला, असं कितीतरी वर्षं चालून गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा गॅस चरबीत विरघळतो. कोठाराच्या हवेत तो आला की पातळ प्लास्टिकमधून लोण्यात शिरतो आणि मुंगीच्या पावलांनी आत सरकत राहतो. किती थंडीत किती वेगानं सरकायचं हे निसर्गानं ठरवून दिलेलं आहे. म्हणजे जितका खोल, तितका जुना.

आमच्या यंत्राचं नाव मेदवाचक. त्याची सुई अर्धा अर्धा मिलिमीटर आत उतरते, प्रत्येक थांब्यावर कणभर लोणी वाफवून त्यातले गॅसचे रेणू मोजते. मग आतलं गणित उलटं चालवून एखाद्या दिवसाच्या फरकानं ते सांगतं, की कधी किती गॅस सुटला होता. मोजमाप त्याच क्षणी मंडळाच्या सर्व्हरवर जातं. ते मलाही बदलता येत नाही. कोठारातल्या माणसांनी यंत्राचं नाव पहिल्याच दिवशी लोणीचोर ठेवलं होतं.

हे ठोकळे सणासुदीचा राखीव साठा म्हणून तेरा महिने इथे पडून होते. पडद्यावर आलेख उमटायला लागला. सपाट रेघ, मग उंचवटा. पुन्हा सपाट रेघ, पुन्हा उंचवटा. एकूण तेरा. प्रत्येक उंचवटा साधारण साठ किलोचा.

सुगीनं लेखी दिलं होतं, की या कोठारात वर्षाला दोन टक्के गॅस गळतो. लोणी म्हणत होतं, एकतीस टक्के. म्हणजे तीन हजार टन कार्बन डायऑक्साइड. मोटारीनं कोल्हापूरहून पुण्याला ऐंशी हजार वेळा जाण्याइतका.

मी दुसरा ठोकळा तपासला, मग तिसरा. तिघांनी एकच सांगितलं.

*

"यंत्रात काही दोष?" अद्वैत सामंतनं विचारलं. तो सुगीचा शाश्वतता प्रमुख. पुण्याचा, पस्तिशीचा, आवाज नेहमी एकाच पट्टीत. आम्ही कोठाराबाहेरच्या त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो. माझी बोटं अजून बधिर होती.

"तीन ठोकळ्यांत एकच दोष?"

त्यानं आलेखावरून बोट फिरवलं. "दर महिन्याला एक उंचवटा आहे. महिनाअखेरीच्या देखभालीत कुणीतरी हलगर्जी करत असणार. म्हणजे माणसाची चूक." त्यानं टॅबवर कायद्याचं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. मला ते पान तोंडपाठ होतं. अहवालात शेवटी एकच रकाना असतो, गळतीचं कारण. त्यात दोनच पर्याय. 'व्यक्ती' लिहिलं तर त्या माणसावर खटला भरतात, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साखळीची श्रेणी एकाच पायरीनं उतरते. 'संस्था' लिहिलं तर थेट ई. तांबडी पाटी, नव्या गॅसचा पुरवठा बंद, आणि चौकशी संपेपर्यंत सगळ्या दुकानांचे दूध-दही नि गोठवलेल्या मालाचे विभाग बंद.

"अकरा हजार लोक कामाला आहेत, मॅडम. त्यातले चार हजार त्याच विभागांत," अद्वैत म्हणाला. "आणि इथे गॅसची जबाबदारी एकाच माणसाची आहे. हेड मेकॅनिक चौगुले."

ते नाव येणार हे मला माहीत होतं. तरी ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला रागच आला.

"हे महिनाअखेरीचं नाही," मी म्हणाले. "महिना तीस-एकतीस दिवसांचा असतो. इथे बघा, एकोणतीस, तीस, एकोणतीस, पुन्हा तीस. वर्षभरात हे उंचवटे अकरा दिवस मागे सरकलेत. शेवटचा एकोणतीस दिवसांपूर्वीचा आहे."

"मग?"

"मग पुढचा आज किंवा उद्या," मी म्हणाले आणि उठले.

*

चौदा वर्षांपूर्वी हे कोठार एका दूध संस्थेचं होतं आणि मी इथे सहा महिने शिकाऊ होते. कॉम्प्रेसरच्या खोलीत तोवर कुणा मुलीनं पाऊल ठेवलं नव्हतं. हिंदुराव चौगुले म्हणजे तिथले वस्ताद. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून पाना पुढे केला आणि म्हणाले, "ह्यो धर. रडायचं आसंल तर भायेर जाऊन रडायचं, आत नट पडत्यात." बेअरिंग जायला लागलं की आवाजात काय फरक पडतो, हे मला त्यांनी शिकवलं. आज मी जी कोण आहे ती निम्मी त्यांनी घडवलेली आहे. मंडळाच्या अर्जात 'सुगी बाजारशी पूर्वसंबंध?' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. ते खरंच होतं. पण ते खरं लिहिताना मी क्षणभर थांबले होते, हेही खरं.

खोलीत शिरले तेव्हा पावणेचार झाले होते. मधल्या वेळात मी नळ्यांचे नकाशे चाळून काढले होते आणि त्यात एक गोष्ट सापडली होती. पण समोर जे दिसलं त्यानं ती क्षणभर डोक्यातून गेली. वस्ताद स्टीलच्या ताटात हळदकुंकू, लिंबू, उदबत्ती मांडत होते. बाजूला सोललेला नारळ.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "म्हटलं, मॅडम झाल्यावर वळख ठेवतीस का न्हाई."

"वस्ताद, आज काय आहे?"

"आमुशा. दर आमुशेला मशिनीची पूजा आसती, इसरलीस?"

विसरले नव्हते. तिथेच, कंट्रोल पॅनेलशेजारी, प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. अक्षर माझं होतं. 'अमावास्येच्या पूजेच्या वेळी सर्व कॉम्प्रेसर एक तास पूर्ण बंद ठेवावेत. सं. मगदूम, प्रशिक्षणार्थी.'

त्या वर्षीच्या एका अमावास्येला चालत्या मशीनला कुंकू लावताना वस्तादांचा हात पट्ट्यात ओढला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांना दवाखान्यात पोचवून परत आल्यावर मी ही सूचना लिहिली होती आणि साहेबांशी भांडून ती लावून घेतली होती. तेव्हाचं मशीन लहान होतं, जुनं होतं. तासभर थांबल्यानं त्याचं काही बिघडत नव्हतं. पुढे सुगीनं कोठार घेतलं, अडीच हजार किलो गॅसचं मोठं मशीन बसवलं. कागद मात्र तसाच राहिला. माणसं बदलली, मालक बदलले, पण दर अमावास्येला चार ते पाच मशीन बंद.

"आज बंद करू नका," मी म्हणाले.

"का?"

"बंद झालं की आतला गार गॅस तापतो, दाब चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर पडतो."

"दाब चढतोय ते म्हाईत हाय. पर एवढा?"

अद्वैत माझ्या मागोमाग आत आला होता. "हा तुमचा तर्क आहे, मॅडम," तो म्हणाला. "तर्कावर अहवाल देणार?"

साठ किलो गॅस सोडून पुरावा मिळवायचा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण तर्कावर माणसाला तुरुंगात घालता येत नाही, तसं वाचवताही येत नाही. मी वस्तादांना म्हणाले, "बंद करा. मी सांगेन त्या क्षणी पुन्हा चालू करायचं. मधे एक शब्द नाही."

त्यांनी बटण दाबलं. इतका वेळ कानात घुमणारा आवाज हळूहळू विरला. 

दाबमापकाचा काटा पाचावर होता. दहा मिनिटांत आठावर गेला. पंधराव्या मिनिटाला अकरावर. वस्तादांनी उदबत्ती लावली, कारण हात मोकळे ठेवणं त्यांना जमत नव्हतं. अद्वैत मोबाइलवर चित्रण करत होता. तेरा. साडेतेरा. एकविसाव्या मिनिटाला वरून, पोटमाळ्यातून, कुकरची शिट्टी अडकावी तसा बारीक आवाज सुरू झाला.

"चालू करा!"

"नारळ फुटायचा हाय अजून," वस्ताद म्हणाले. हातात नारळ तसाच.

"वस्ताद, चालू करा! तो गॅस आहे!"

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. चौदा वर्षांत पूजा अर्धी कधी राहिली नव्हती. वर शिट्टी वाजतच होती. मग त्यांनी नारळ ताटात ठेवला आणि तीन बोटांच्या हातानं बटण दाबलं. मशीन धडधडलं, काटा उतरला, शिट्टी थांबली.

 वस्ताद स्टुलावर बसले.

"दुसऱ्या दिवशी गॅस कमी दिसायचा," ते म्हणाले. "मी सिलिंडरमधनं नवा मारायचो. वाटायचं, मोठं मशीन हाय, पीत आसंल."

"आणि गॅस भरल्याची टॅबवर नोंद?"

"न्हाई केली." त्यांनी मान वर केली नाही. "लिवलं की ते कारण इचारतंय. पूजा लिवली की पूजा बंद करणार. आन् पूजा बंद झाली तर ही पोरं काय गप बसत्यात व्हय? चालत्या मशिनीला चोरून कुंकू लावणार. मी बोटं देऊन बसलोय, मला म्हाईत हाय. चौदा वर्सांत हितं कुणाचं नख तुटलं न्हाई, पोरी. तुझ्या त्या कागदामुळं."

त्या कागदाकडे मला बघवेना. मी अद्वैतकडे वळले, कारण रागावणं त्यापेक्षा सोपं होतं.

"तुमच्या नकाशात एक छोटा कॉम्प्रेसर दाखवलाय. मोठं मशीन बंद पडलं तर तेवढा चालू राहतो आणि दाब चढू देत नाही. तो कुठे आहे?"

"खर्चकपातीत वगळला असेल. मी तेव्हा नव्हतो."

"व्हॉल्व्हची नळी बाहेर गच्चीवर जायला हवी. ती कोठाराच्या पोटमाळ्यातच सोडली आहे. तिथून गॅस खाली लोण्यावर उतरतो. तीही खर्चकपात?"

त्यानं मोबाइल खिशात घातला.

"आणि दर महिन्याला साठ किलो गॅस वस्तादांनी मारला. सिलिंडर कुणी पाठवले?"

अद्वैतनं वस्तादांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला उत्तर मिळालं. वस्ताद म्हणाले, "मी ह्याच सायबास्नी सांगितलं हुतं, गॅस कमी पडतोय. म्हणाले, लिवू नका, पाठवून देतो."

"नोंदीत ते सिलिंडर नव्या दुकानांसाठी गेलेत," अद्वैत हलक्या आवाजात म्हणाला. मग तो पॅनेलपाशी गेला आणि त्यानं तो पिवळा कागद सावकाश वाचला. खालचं नाव वाचल्यावर त्याचा चेहराच बदलला.

"मॅडम, ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे गळतीचं मूळ कारण खुद्द मूल्यमापकच." आवाजाची पट्टी अजूनही तीच होती. "तुम्ही 'संस्था' लिहिलंत तर हा कागद आजच मंडळात पोचेल. परवाना जाईल तुमचा. अहवालही रद्द होईल. 'व्यक्ती' लिहिलंत तर एक जुना कागद आहे, त्याचं कुणाला काय?"

*

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मागच्या माल चढ-उताराच्या धक्क्यावर टॅब मांडीवर घेऊन बसले. वस्ताद येऊन शेजारी बसले. त्यांच्या कपड्यांना अजून उदबत्तीचा वास होता.

"माझं नाव घाल," ते म्हणाले.

"वस्ताद, तीन वर्षं..."

"जेल म्हंजी काय मोठं? अठ्ठावन वर्सं झाली. लिवलं न्हाई ते मीच लिवलं न्हाई. खोटं कुठं हाय त्यात?" त्यांनी माझ्या टॅबकडे पाहिलं. "सुवर्णा, आमची सून, इचलकरंजीच्या दुकानात दुधाच्या काउंटरला हाय. पोरगा घरात बसून हाय, तुला म्हाईत न्हाई ते. तिच्या एकटीवर घर चाललंय. तांबडी पाटी लागली की पयल्यांदा तिचा काउंटर बंद हुणार. आन् तिच्यासारख्या किती बायका आसतील. माझ्या एकट्यावर घाल नि मिटव. तुझा कागदबी कुणाला दिसायचा न्हाई."

मला मोह झाला. खोटं कशाला सांगू? एका शब्दात सगळे सुटत होते. सुवर्णा, अकरा हजार माणसं, आणि मी. एकच माणूस अडकत होता आणि तो स्वतः मान पुढे करत होता. बाकीच्यांनी हात झटकायला हरकत नव्हती.

पण मग अद्वैत नि त्याचे साहेब उद्या दुसऱ्या कोठारातही तो छोटा कॉम्प्रेसर वगळणार. तिथेही एखादा हिंदुराव असेल, तोही त्यांच्या सांगण्यावरून मुकाट्यानं गॅस मारेल, आणि पकडला गेला की त्याच्या नावावर खापर फुटेल. तीन हजार टन हवेत गेले होते. ते वस्तादांना तुरुंगात टाकून परत येणार नव्हते. आणि मी ज्या माणसाकडून शिकले त्यानं मला आवाज ऐकून खोटं बेअरिंग ओळखायला शिकवलं होतं. ते ऐकू येत असताना कानावर हात ठेवायचा, असं काही त्यांनी शिकवलं नव्हतं.

मी 'संस्था' लिहिलं.

खालच्या जागेत मी कारणं लिहिली. पहिलं माझं : चौदा वर्षांपूर्वी मी दिलेली मशीन बंद ठेवण्याची सूचना, आणि हेड मेकॅनिक माझे गुरू असल्याचं मी आधी कळवलं नाही ही गोष्ट. दुसरं कंपनीचं : वगळलेला कॉम्प्रेसर, आत सोडलेली नळी, खोट्या नोंदीखाली पाठवलेले सिलिंडर. तिसरं लिहिताना माझा हात थांबला. शेजारी बसलेला माणूस माझ्या बोटांकडे बघत होता. वाचता त्यांना नीट येत होतं.

तिसरं : हिंदुराव चौगुले यांनी गॅस भरल्याची नोंद केली नाही, ती न करण्याची सूचना वरून होती, आणि त्यामागे कामगारांच्या जिवाची काळजी होती.

"सगळ्यांस्नीच घातलंस," ते म्हणाले.

"जे झालं ते लिहिलं."

"माझं नाव लिवलंस त्याचं दुःख न्हाई, संज्योत." त्यांनी याआधी कधी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नव्हतं. "मी हुतोच त्यात. पर मी एकटा पुरलो आसतो की."

"नसता पुरलात, वस्ताद. पुढच्या वर्षी आणखी एक लागला असता."

 पाच चाळीसला मी बटण दाबलं. अद्वैत दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फोन कानाला लावून तो आत निघून गेला. त्याच्या कागदाला आता कुणी विचारणार नव्हतं, कारण तो मीच अहवालाला जोडला होता. माझ्या परवान्याचं काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. वाईट वाटत होतं, भीतीही वाटत होती. आपण बरोबर केलं असं वाटून हलकं वगैरे काही वाटत नव्हतं.

मंडळाची यंत्रणा माणसांइतकी वेळ लावत नाही. सात मिनिटांनी टॅबवर उत्तर आलं : श्रेणी ई, अंमलबजावणी तत्काळ.

त्यानंतर लगेचच वस्तादांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावर सुवर्णाचं नाव पाहिलं आणि फोन तसाच हातात धरला. तो वाजत राहिला. मग त्यांनी बटण दाबून तो माझ्यापुढे केला.

"तूच सांग तिला."

मी फोन कानाला लावला. पलीकडे दुकानातला गलका होता, कुणीतरी मोठ्यानं शटर ओढत होतं.

"मामा, ऐकताय न्हवं?" एक घाबरलेला तरुण आवाज म्हणाला. "दारावरची पाटी एकदम तांबडी झालीया. आमास्नी सगळ्यांस्नी घरी जा म्हणत्यात, कवापतूर ते सांगत न्हाईत. मामा, कुणी केलं वो हे?"

"मी केलं," मी म्हणाले. "मी संज्योत मगदूम बोलतेय."